वाघानं खाल्लं की एक डाव बसायचं

मी तिसरीपर्यंत शिकले. तेवढ्यावर वाचता येतंय, सावकाश. लिवायला हात थरथरतोय, म्हणून मी सांगते आन् सून लिवून घेती. ती म्हणली, आत्ती, जरा शुद्ध सांगा. म्हटलं, माझी हीच शुद्ध हाय, तू लिव.

निपाणीत आमचं दोन खोल्यांचं घर हाय. मी, माझा ल्योक, सून आन् नात. गेल्या उन्हाळ्यात नात नववीची परीक्षा देऊन घरात बसलेली. माझी लेक बेळगावात कॅम्पात ऱ्हाती, तिनं घरातला जुना लॅपटॉप भाचीला दिलता. त्याच्या झाकणाला चीर गेलीया आन् वायर काढली की बंद पडतोय. पण पोरगी त्याला रोज मऊ फडक्यानं पुसायची. मी देव बी तेवढे पुसत न्हाय.

त्याच्यावर ती खेळ करायची. खेळायची न्हाय, करायची. मला आधी ह्यातला फरक कळला न्हाय. तिनं मला शेजारी बसवून दावलं. पडद्यावर रंगीत ठोकळे असत्यात. एकावर लिवलंय चाल, एकावर उडी मार, एकावर आवाज काढ. ते ओढून एकाखाली एक बसवायचे, की बेडूक उडी मारतंय. बेडूक बी आयतं, रस्ता बी आयता, आवाज बी आयता. तिनं आंबे पडायचा एक खेळ केलता. वरनं आंबे पडत्यात, खाली बुट्टी धरायची. मी बी खेळले. माझं बोट येळंवर जायाचं न्हाय, आंबा भुईवर पडायचा.

"आज्जी, तू म्हातारी झालीस गं."

"आज कळलं व्हय तुला?"

एका दुपारी लाईट गेली. लॅपटॉप बंद, पंखा बंद, पोरगी येरझाऱ्या घालाय लागली. मी चुलीतला कोळसा घेतला आन् सोप्यात फरशीवर वाघबकरीचा पट काढला. वर एक टोक, तिथनं खाली उतरत्या रेघा, त्यांना आडव्या रेघा, डोंगरासारखं. रेघ जिथं रेघंला भेटती ते घर. एकीकडं तीन वाघ, ते खडे. दुसरीकडं पंधरा शेळ्या, ते चिंचोके. वाघ शेळीवरनं उडी मारून तिला खातो, पण पल्याडचं घर रिकामं पायजे. आन् शेळ्यांनी मिळून वाघांना असं कोंडायचं की त्यास्नी हलायला जागा ऱ्हाता कामा नये.

मी हे तंबाखूच्या वखारीत शिकले. तिथं आम्ही पन्नास-साठ बायका होतो. तंबाखू चाळायची, काडी निवडायची, पाखडायची. नाकातोंडाला फडकं बांधून बी सारखा खोकला. डोळ्यातलं पाणी थांबायचं न्हाय. दुपारी अर्धा तास सुट्टी, त्यात भाकरी खाऊन आम्ही भुईवर पट काढायचो. सुट्टी संपली की पायानं पुसायचा.

लाईट आली तरी पोरगी उठली न्हाय. तीन डाव हरली. मग म्हणली, "आज्जी, हा मी लॅपटॉपवर करते. तू शेळ्या खेळायच्या, वाघ कंप्युटर खेळणार."

हे माझ्या लेकाच्या कानावर गेलं. त्यो लेथवर काम करतोय. त्याच्या कामात वस्तू बसती नायतर बसत न्हाय, मदलं काय नसतं. जेवताना म्हणला, "फुडं दहावी हाय. हे बेडकं-आंबे बास झाले. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मी खेळायला बसणार. तुझा वाघ नीट खेळला तर लॅपटॉप ठेव. न्हाय खेळला तर आत्त्याकडं परत. दहावी हुईस्तोवर नाव काढायचं न्हाय."

"पप्पा, नीट म्हणजे काय?"

"नीट म्हणजे नीट."

पोरीनं ताटातला भात बोटानं नुसता फिरवला. सुनंनं माझ्याकडं बघितलं. मी भाकरी मोडली. त्याच्या जागी मी असते तर मी बी असंच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासनं ती ठोकळे जोडाय लागली. चार-पाच दिवसांत पडदा ठोकळ्यांनी भरून गेला. खाली बघाय गेलं की वरचं दिसायचं न्हाय. वाघ चालायचा, पण मदीच भलत्याच घरात जाऊन बसायचा. तिचं म्हणणं असं की हे ठोकळे बेडकासाठी केलेले हाईत, चौकोनात पळायला. आमचा डोंगर त्यास्नी कळत न्हाय. आन् फुडं काय हुईल ह्याचा इचार वाघानं करायचा, त्याला तर ठोकळाच न्हाय.

शाळंतल्या कंप्युटरच्या बाईंना तिनं फोन लावला. बाई म्हणल्या, तुला हे आता पुरत न्हाय, हातानं लिवायला शिक. मोबाईलवर कायतरी धडे पाठवले.

मग तिनं जे उघडलं ते बघून मला वाटलं लॅपटॉप बिघडला. काळा पडदा, त्यावर एक बारकी रेघ मिचमिच करतीया, बाकी काय न्हाय. ना बेडूक, ना रंग. ती इंग्रजीत ओळी लिवायची, एक बटण दाबायची आन् खाली तांबड्या अक्षरात शिव्या यायच्या. शिव्या न्हवं, चूक दावतोय ते, पण ती वाचून तिचं तोंड उतरायचं ते शिव्या ऐकल्यागतच. बसच्या पाट्या कानडीत, हे इंग्रजीत. माझं तिसरीचं मराठी कुठंच कामाला येईना. मी नुसती शेजारी बसायची.

दोन दिवस झाले तरी पडद्यावर एक वाघ उभा ऱ्हायला न्हाय. तिसऱ्या दिवशी तिनं झाकण लावलं.

"मी आंब्याचाच खेळ जरा मोठा करते. त्यात तीन बुट्ट्या घालते. पप्पांना काय कळतंय."

"त्याला कळंल. आन् तुला तर आत्ताच कळलंय."

मग मी तिला माझ्या आईचं सांगितलं. वखारीचा हंगाम संपला की आम्ही घरात बिड्या वळायचो. मी धा वर्सांची असताना आईनं मला पान कापायला बसवलं. हातात पत्र्याचा एक तुकडा दिला, बिडीच्या मापाचा. भिजवलेल्या पानावर पत्रा धरायचा आन् कडंनं कात्री फिरवायची. दोन पावसाळे मी तसंच केलं. मग आईनं एकदा पत्रा काढून घेतला. म्हणली, उचल-ठेव करण्यात दिवस जातोय, नजरेनं काप. त्या दिवशी माझ्या पानांच्या निम्म्या बिड्या छाटात गेल्या. छाट म्हणजे वाईट म्हणून बाजूला काढलेल्या. कारखान्याच्या माणसानं माझ्याफुडं मोडून टाकल्या. घरापर्यंत रडत आले. आईनं भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी बी पत्रा दिला न्हाय.

"तुझी आई दुष्ट होती, आज्जी."

"होतीच."

"मग आला का अंदाज?"

"आला. कवा आला ते कळलं न्हाय. माझ्या ध्यानात आलं तवा पत्रा कुठं ठेवलाय तेच मला म्हाईत नव्हतं."

तिनं लॅपटॉप फुडं ओढला. मग झाकण उघडलं आन् म्हणली, "हितंच बस. मी इचारते ते सांग."

पंधरा-वीस दिवस आमचं तेच चाललं. सकाळचं पाणी भरून झालं की मी तिच्याशेजारी भाजी निवडायला घेऊन बसायची. ती असलं काय काय इचारायची की माझं डोकं फिरायचं.

"शेळ्या मांडून व्हायच्या आधी शेळी हलवता येती?"

"न्हाय. आधी सगळ्या मांडायच्या."

"वाघाला खायला मिळतंय, तरी त्यानं खाल्लं न्हाय तर?"

"वाघाची मर्जी."

"मर्जी म्हणून चालत न्हाय, आज्जी. ह्याला सांगावं लागतंय."

"वाघबिघ म्हणजे काय ते तरी म्हाईत हाय का ह्याला?"

"न्हाय. ह्याला काय म्हणजे काय म्हाईत न्हाय. ठोकळ्यात कुणीतरी आधीच निम्मं काम करून ठेवलेलं असतंय. हितं सगळं कोरं. घर म्हणजे काय, शेजारचं घर कुठलं, भरलेलं कशाला म्हणायचं, सगळं मी सांगणार तवा त्याला कळणार."

पन्नास वर्सं मी ह्यो खेळ खेळले, पण असा कुणी इचारला नव्हता. हात आपोआप जायाचा. आता त्यो हात कुठं जातोय ते तोंडानं सांगायचं. सांगता सांगता वखार यायची. कुठली बाई कोपऱ्यातनं खेळायची, कुठली खोटी चाल करून पदराखाली चिंचोका सरकवायची, पावसाळी हवेत तंबाखूचा वास कसा कडू यायचा. पोरगी ऐकायची, बोटं चालूच. तिला त्यातलं जेवढं पायजे तेवढंच ती घ्यायची. आमचे मालक गेले त्या वर्साचं मी बोलाय लागले तवा मातर तिनं हात थांबवला. छातीच्या दुखण्यानं गेले, धाकटा पोटात सहा महिन्यांचा. दिवसकार्य झालं आन् महिन्याभरात मी परत वखारीत. एवढंच सांगितलं. फुडचं तिला म्हाईत हाय, धाकटा म्हणजे तिचा बाप.

आन् मी तिला आमचा नेम सांगितला. वाघानं शेळी खाल्ली की वाघवाल्यानं एक डाव बसायचं, म्हणजे एक चाल सोडायची. शेळ्या दोन चाली खेळणार. तिनं ते बी लिवलं.

रविवारला आठ दिवस ऱ्हायले तवा खेळ चालू झाला. वाघ म्हणजे तांबडे गोल, शेळ्या पांढरे. सुंदर काय नव्हतं, आंब्याचा खेळ दिसायला बरा होता. पण वाघ आपल्या मनानं हलला आन् माझी शेळी खाल्ली. पोरीनं टाळी वाजवली. सून चुलीपासनं उठून आली.

सांजंला पोरीचं तोंड परत पडलेलं. तिनं दोन्ही बाजू कंप्युटरलाच खेळायला लावल्या. शंभर डाव. वाघ एक बी जिंकला न्हाय.

"माझ्या कोडात चूक हाय."

चार दिवस ती ती चूक हुडकत बसली. सगळ्या ओळी वहीवर उतरवून काढल्या. वाघाला हुशार करून बघितलं, शेळ्यांना येडं करून बघितलं. तरी वाघ कोंडलाच जायाचा. जेवायला हाक मारली की म्हणायची भूक न्हाय. बापानं एकदा वाकून बघितलं.

"काय, जमलं का?"

"वाघ हरतोय सारखा."

"मग ते काय नीट झालं?" म्हणून त्यो गेला.

गुरुवारी तिनं मला इचारलं, "आज्जी, वखारीत वाघ जिंकायचा का गं?"

मी आठवाय बसले. किती तोंडं आठवली, किती डाव आठवले. वाघ जिंकलेला एक बी आठवंना. वाघाची पाळी आलेली बाई हरायची आन् सगळ्या हसायच्या. ते आम्हाला चूक कवा वाटलंच न्हाय. वाघ हरायचा असतोय, असंच वाटायचं.

पोरीची चूक नसंल तर मग माझी. पण कुठं, ते कळंना.

शुक्रवारी सकाळच्या बसनं मी बोरगावला गेले. तिथं आमची आक्का ऱ्हाती, वखारीत माझ्या शेजारच्या ढिगावर असायची. माझ्यापेक्षा चार वर्सांनी मोठी. जैनांच्यातली, घरात कानडी बोलत्यात, पण मराठी आमच्यापेक्षा तिखट. गुडघे गेल्यात, अंगणात खाटंवर बसूनच असती.

"काय गं, वाट चुकलीस?"

"तुला बघायला आले."

"मेले का न्हाय ते बघायला?"

"व्हय. अजून न्हाईस दिसतंय."

"तुझ्या आधी न्हाय जाणार. बस."

तिच्या सुनंनं चहा दिला. मी कप खाली ठेवला आन् इचारलं, "आक्का, वाघबकरीत वाघानं खाल्लं की एक डाव बसतोय न्हवं?"

"कोण म्हणतंय?"

"आपण खेळायचो की."

"वखारीत बसायचा. बाकी कुठं बसतोय? आमच्या शेतावर म्हातारी माणसं खेळायची, वाघ आपला खात सुटायचा. वखारीत तू बसवलास त्याला."

"मी?"

"मग काय मी? इसरलीस व्हय. धाकट्याला ताप होता बघ तुझ्या. भोंगा झाल्यावर आलीस, पोरगं काखंत. मुकादमानं तुला आत घेतलं न्हाय, दारात उन्हात उभी ठेवली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत."

ते मला म्हाईत होतं. उभी ऱ्हायलेलं मी कशी इसरंन. पोराचं अंग तव्यागत तापलेलं. मुकादम येता-जाता बघायचा आन् बाकीच्यास्नी ऐकू जाईल असं म्हणायचा, बघा, घड्याळ नसलं की असं हुतंय. फुडचं मातर माझ्या डोक्यातनं गेलेलं.

आक्का म्हणली, "सुट्टी झाली. तू पाणी बी प्याली न्हाईस, येऊन पटावर बसलीस. मी वाघ होते. तुझी एक शेळी खाल्ली, दुसरीवर उडी मारायला खडा उचलला, तर तू माझं मनगट धरलंस. म्हणलीस, खाल्लंस न्हवं, आता बस. पोट भरलेला वाघ लगीच उठत न्हाय."

"आन् तू बसलीस?"

"तुझं तोंड बघून कुणाची बोलायची छाती होती? बसले. आपण तिघी-चौघी होतो, सगळ्या हसल्या. शेवटाला तू बी हसलीस. दुसऱ्या दिवशी परत तसंच खेळलो. मग नव्या पोरी आल्या त्यास्नी आपण तेच शिकवलं."

मी चहा प्याले. गार झालता. आक्का म्हणली, "कशाला आलीस खरं सांग. एवढ्या उन्हाचं वाघ इचारायला?"

सगळं सांगितलं. तिला लॅपटॉपचं काय कळलं न्हाय, पण पोरगी चार दिवस जेवली न्हाय ते कळलं. म्हणली, "जा मग, बसतीस काय हितं."

दुपारी घरी आले. पोरगी वही घेऊन बसलेली. मी पाय धुवायच्या आधी सांगितलं, "तुझी चूक न्हाय. त्यो नेम खोटा हाय. मीच केलता."

तिनं मान वर केली. "म्हणजे माझा कोड बरोबर होता?"

"व्हय."

"चार दिवस, आज्जी."

"व्हय."

मला वाटलं रागवंल. ती वळली, पडद्यावरनं खाली-वर गेली आन् एक ओळ पुसली. एवढ्या गर्दीत ती एकच ओळ होती. मग शंभर डाव लावले. निम्म्याच्या आसपास वाघ जिंकला, बाकी शेळ्या. आकडे बघून तिनं लांब सुस्कारा सोडला आन् मग मला म्हणली, "आता सांग, का केलतास."

मी सांगितलं. आक्कानं सांगितलं तेवढंच, जास्त काय न्हाय. ऐकून ती परत पडद्याकडं वळली. पुसलेली ओळ परत लिवली, पण येगळ्या जागी. आन् सुरवातीला दोन बटणं केली. एकावर गावचा डाव, दुसऱ्यावर वखारीचा डाव.

रविवारी माझा ल्योक आंघोळ करून, टॉवेल खांद्यावर टाकून लॅपटॉपफुडं बसला. पोरगी उभी, नखं खात. त्यानं गावचा डाव दाबला. शेळ्या घेतल्या. कंप्युटरच्या वाघानं त्याच्या शेळ्या एक-एक करून खाल्ल्या. आणिक एकदा खेळला, परत हरला. त्याचे कान तांबडे झाले. सून पदरात हसली.

"आन् हे दुसरं काय?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "तूच सांग."

मी त्याला हे कवा सांगितलेलं नव्हतं. त्याला ताप आलता, मला उभं केलतं, हे सांगून काय करायचं होतं. आता सांगितलं. त्यो माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघत ऐकत होता. झाल्यावर त्यानं वखारीचा डाव दाबला. सावकाश खेळला. वाघानं शेळी खाल्ली आन् थांबला. ह्यानं दोन चाली केल्या. परत खाल्ली, परत थांबला. शेवटाला तिन्ही वाघ वरच्या टोकाला कोंडले, हलायला जागा न्हाय.

त्यानं पडद्यावरच्या तिन्ही वाघांवरनं बोट फिरवलं. मग उठला, टॉवेल दोरीवर टाकला.

"चालतंय," म्हणला. "अभ्यास सांभाळून कर."

आता ती दहावीला हाय. रविवारी दोन तास तेवढा लॅपटॉप उघडती. काय तरी नवं करतीया, त्यात वाघ न्हाय, पट न्हाय, मला बघून काय बी उमगत न्हाय. मी आपली भाजी घेऊन शेजारी बसते. त्या उन्हाळ्यात दर घटकंला, आज्जी हे कसं, आज्जी ते कसं, चालायचं. आता इचारायला माझ्याकडं तिचं काय ऱ्हायलं न्हाय. मदीच ती एकटीच हसती.

"काय झालं गं?"

"काय न्हाय. कोडातलं वळण बसलं."

"कसलं वळण?"

ती सांगाय लागती, दोन वाक्यं बोलती, माझ्या तोंडाकडं बघती आन् थांबती. मी म्हणते, असुदे, तू कर.